भवानी तलवार : एका प्रश्नात दडलेले तीन प्रश्न

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून भाची कोलकात्याला आली होती. एस्प्लनेडला बसची वाट पाहता पाहता ती हातातल्या निन्टेंडोवर ‘राजी’ खेळत बसली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० साली आणलेला हा खेळ. राजी सर्कशीत कसरती करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांनी पळवून नेलेले. त्यांच्याशी लढायला दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते आणि मग तिच्या आयुधांत भर पडत जाते. भाचीने मान वर न करताच विचारले, “मामा, शिवाजी महाराजांनाही देवीनं तलवार दिली होती ना? ती आता कुठे आहे?”

तिने एका दमात तीन प्रश्न विचारले होते. देवीने तलवार दिली, ही कथा कुठून आली? महाराजांकडे ‘भवानी’ नावाची एखादी ठरावीक तलवार होती का? आणि असली तर आज दाखवल्या जाणाऱ्या तलवारींपैकी ती कोणती? शंभराहून अधिक वर्षे मराठीत या विषयावर लिहिले-बोलले जात आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यातला बराचसा गोंधळ हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्याने झाला. म्हणून ते सुटे करून, आज आपण कुठवर आलो आहोत ते पाहू.

मंतरलेली तलवार म्हणजे काय

संगणकावरच्या आणि त्याआधीच्या भूमिका-खेळांत मंतरलेली तलवार हा ठरलेला ऐवज आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्याच्या पहिल्याच नियमावलीत जादूच्या तलवारींना बुद्धी आणि अहंकार दिलेला होता. धारकाचा आणि तलवारीचा स्वभाव जुळला नाही तर तलवार त्याला इजा करी. १९८६ च्या जपानी ‘झेल्डा’मध्ये पांढऱ्या तलवारीसाठी खेळाडूजवळ पाच हृदयपात्रे लागतात आणि त्याहून श्रेष्ठ तलवारीसाठी बारा. तेवढा जीव कमावल्याशिवाय ती हाती येत नाही. त्याच मालिकेतल्या २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये देवीच्या तलवारीत एक चेतना राहते. ती नायकाशी बोलते, त्याला वाट दाखवते आणि शेवटी त्याच तलवारीत निद्रिस्त होते.

म्हणजे खेळांनी तलवारीच्या मंतरलेपणाचे तीन प्रकार केले आहेत. एक, कुणीतरी दैवी शक्तीने दिलेली तलवार. दोन, अधिकार असणाऱ्यालाच पेलणारी. तीन, जिच्या आत कुणीतरी वस्तीला आहे अशी. आपल्या परंपरेला यातले काहीच नवे नाही. रावणाचा चंद्रहास शंकराने दिलेला. महाभारताच्या शांतिपर्वात नकुल शरपंजरी पडलेल्या भीष्मांना खड्गाची उत्पत्ती विचारतो, तेव्हा ते यज्ञातून प्रकटलेल्या एका प्रचंड सत्त्वाची कथा सांगतात. तेच सत्त्व पुढे खड्गाचे रूप घेते आणि हातोहात एकेका धारकाकडे जाते. भवानी तलवारीच्या वादात हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. देवीने तलवार दिली असे म्हणणे वेगळे आणि देवी तलवारीत आली असे म्हणणे वेगळे.

कथा कुठे लिहिलेली आहे

महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी संस्कृतात ‘शिवभारत’ रचले. तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून ते पुढे आले आणि स. म. दिवेकरांनी १९२७ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात अफजलखानाच्या भेटीआधी तुळजादेवी दर्शन देते आणि महाराजांच्या तलवारीत आपण वास करत असल्याचे सांगते. तलवार महाराजांचीच आहे, देवी तिच्यात येते. खेळाच्या भाषेत हा तिसरा प्रकार.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. त्यातही भवानीचा साक्षात्कार आहे, यशाचे वचन आहे. देवीने हाती तलवार ठेवल्याचा प्रसंग मात्र नाही. आज घरोघरच्या चित्रांत दिसणारा प्रसंग, म्हणजे गुडघे टेकलेले महाराज आणि सिंहाशेजारी उभी राहून तलवार देणारी अष्टभुजा, या दोन जुन्या ग्रंथांतून जसाच्या तसा निघत नाही. तो नंतरच्या बखरींनी, पोवाड्यांनी आणि पुढे छापील चित्रांनी घडवला.

बखरींच्या परंपरेत दुसरी एक हकीकतही आहे आणि ती अगदी जमिनीवरची आहे. कोकणातल्या गोवेलकर सावंतांकडे एक उत्तम फिरंग होती. ती महाराजांकडे आली आणि तिच्यापोटी सावंतांना ३०० होन दिले गेले. महाराजांनी तिचे नाव भवानी ठेवले. ज्यांना देवीची कथा खटकते ते ही हकीकत पुढे करतात, आणि ज्यांना ती प्रिय आहे ते हिच्याकडे काणाडोळा करतात. मला दोहोंत विरोध दिसत नाही. किनाऱ्यावर उतरलेले युरोपी पाते सावंतांकडून यावे, त्याला मूठ बसावी, दसऱ्याला त्याची पूजा व्हावी आणि धन्याने त्यात आपल्या कुलस्वामिनीला पाहावे, हे सतराव्या शतकातल्या कुठल्याही मराठा घराण्यात सहज घडण्यासारखे होते. ‘फिरंग’ हा शब्दच फिरंग्यांच्या देशातून आलेल्या पात्यावरून पडला. टोलेडो, जिनोआ, झोलिंगेन इथली पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत कोकणपट्टीत उतरत, आणि मुठी इथे चढवल्या जात.

एस्प्लनेडहून दिसणारी बाजू

कोलकात्यात बसून मी हा विषय का काढला, असे वाचकाला वाटेल. पण भवानीच्या प्रश्नाची एक बाजू या शहरातूनच नीट दिसते.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा इंग्रजांनी आणि इथल्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा डिच’. बर्गींची, म्हणजे मराठा घोडेस्वारांची, भीती बंगाली अंगाईगीतात उतरली ती तेव्हाच. तरीही दीडशे वर्षांनी त्याच कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. त्यामागे सखाराम गणेश देउस्कर होते. देवघरजवळ जन्मलेले, मराठी घरातले आणि बंगालीतले नामवंत लेखक. १९०४ साली रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. जून १९०६ मध्ये टिळक, खापर्डे, मुंजे इथे आले. त्या उत्सवात भवानीची मूर्ती बसवून पूजा झाली आणि त्यावर वादही पेटला. ब्राह्म समाजातल्या आणि मुसलमान समाजातल्या अनेकांना राष्ट्रीय उत्सवात मूर्तिपूजा पटली नाही. बिपिनचंद्र पालांनी तिची पाठराखण केली. भवानी ही महाराजांची व्यक्तिगत श्रद्धा की सार्वजनिक प्रतीक, हा तिढा तेव्हा कोलकात्यात पडला. तलवारीच्या वादातही तोच तिढा पुन्हापुन्हा डोके वर काढतो.

दुसरी गोष्ट पुराव्याच्या शिस्तीची. १९१९ साली याच शहरात जदुनाथ सरकारांचे ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ प्रसिद्ध झाले. फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी समकालीन कागद आधी, बखरी नंतर, आणि बखरींतही सभासद वर तर मल्हार रामराव चिटणीसांसारखे उशिराचे लेखक बरेच खाली, ही उतरंड त्यांनी लावली. महाराष्ट्रात त्यांच्यावर कडक टीका झाली आणि तिच्यातले काही मुद्दे रास्तही होते. पण कथा आणि कागद वेगळे ठेवायची सवय त्या वादाने आपल्यालाही लावली. १९२३ साली इम्पीरियल लायब्ररी एस्प्लनेड ईस्टवरच्या सरकारी इमारतीत आली. नंतर तीच राष्ट्रीय ग्रंथालय होऊन बेल्व्हेडिअरला गेली, आणि जदुनाथांचा ग्रंथसंग्रह आज तिथे आहे. भाचीच्या प्रश्नावर पहिले उत्तर सुचले ते एस्प्लनेडच्या त्या इमारतीकडे पाहतानाच. आधी कागद विचारावा, मग तलवार.

तिसरा दुवा राजपुत्राच्या दौऱ्याचा. पुढे सातवा एडवर्ड झालेला प्रिन्स ऑफ वेल्स नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईत उतरला. १ जानेवारी १८७६ रोजी एस्प्लनेडसमोरच्या मैदानावर त्याने स्टार ऑफ इंडियाचा दरबार भरवला. त्या दौऱ्याचे भव्य रूप व्हिक्टोरिया मेमोरियलमधल्या व्हेरेश्चागिनच्या अवाढव्य चित्रात पाहायला मिळते. प्रसंग जयपूरचा, हत्तींवरून निघालेली मिरवणूक. मी त्या चित्रासमोर अनेकदा उभा राहिलो आहे. संस्थानिकांनी नजर केलेल्या शस्त्रांचे ढीग त्यात दिसत नाहीत, पण ज्या तलवारीला अनेक जण भवानी मानत आले, ती लंडनची तलवार त्याच दौऱ्यात भारतातून गेली.

लंडनची तलवार

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, १८६३ चा जन्म, म्हणजे जेमतेम बारा वर्षांचे. त्यांच्याकडून राजपुत्राला एक तलवार भेट गेली. सरळ युरोपी पाते, सोन्याच्या कामाची, हिरेमाणकांनी मढवलेली मूठ. मार्लबरो हाउसमधल्या भेटवस्तूंच्या १८९८ च्या इंग्रजी सूचीत ती शिवाजी महाराजांची आठवण म्हणून नोंदली आहे. आज ती ब्रिटिश राजघराण्याच्या रॉयल कलेक्शनमध्ये आहे.

हीच भवानी, असे मानणारा एक मोठा प्रवाह महाराष्ट्रात दीर्घकाळ होता. १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या बॅ. अ. र. अंतुले यांनी भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा केली. तलवार आली नाही, पण ‘भवानी लंडनला आहे’ हे वाक्य त्यानंतर लोकांच्या तोंडी पक्के बसले.

या पक्षाचा युक्तिवाद असा. १६८९ च्या एप्रिलमध्ये, रायगड पडण्याच्या कितीतरी आधी, राजाराम महाराज गडावरून बाहेर पडले. घराण्याची मोलाची शस्त्रे त्यांच्याबरोबर गेली असणे शक्य आहे, आणि त्यांच्याच शाखेतून कोल्हापूरची गादी उभी राहिली. शक्यता रास्त आहे, पण शक्यतेला पुरावा म्हणता येत नाही. आणि खुद्द कोल्हापुरातूनच या मताला उत्तर आले. इंद्रजित सावंत यांनी भवानीच्या शोधावर स्वतंत्र पुस्तक लिहून मांडले की लंडनची तलवार म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडची ‘जगदंबा’. परंपरा महाराजांच्या तलवारींची भवानी, जगदंबा, तुळजा अशी तीन नावे सांगते, त्यांतली ही एक. आज बहुतेक अभ्यासक आणि सरकारी निवेदनेही लंडनच्या तलवारीला जगदंबाच म्हणतात. गेल्या चाळीस वर्षांत या वादात पक्के असे जे काही पुढे सरकले आहे, ते एवढेच, आणि माझ्या मते ते थोडेथोडके नाही.

साताऱ्याची तलवार

साताऱ्याचा पक्ष लेखी पुराव्यात अधिक जुना आहे. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले की महाराजांची भवानी ही उत्तम जिनोआ पात्याची तलवार असून ती साताऱ्याच्या राजांकडे आहे, आणि तिची पूजा होते. ती राजांकडे कशी आली, याचेही उत्तर त्याच्याकडे आहे. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला, येसूबाई आणि बाल शाहू कैद झाले. पुढे मोगल छावणीत शाहूंचे लग्न झाले तेव्हा औरंगजेबाने रायगडावर मिळालेली भवानी आणि अफजलखानाची तलवार त्यांना परत दिली, असे तो सांगतो.

घराण्यातली अखंड पूजा हा हलक्यात घेण्यासारखा दाखला नाही. देवघरात असलेली वस्तू बदलली जाणे अवघड असते. पण साताऱ्याच्या तलवारीवर देवनागरीत राजा शाहूंचे नाव कोरलेले आहे, ‘कदीम अव्वल’ या शब्दांसह. एक वाचन असे की ही तलवार शाहूंची, त्यांच्या शस्त्रागारातली पहिल्या प्रतीची. दुसरे वाचन ‘कदीम’ या शब्दावर भर देते. कदीम म्हणजे जुनी, तेव्हा वडिलोपार्जित तलवारीवर शाहूंनी आपल्या काळात नाव घातले असेल. शस्त्रागारातल्या हत्यारांवर धन्याचे नाव कोरण्याची रीत होतीच. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावात ४७ लाखांहून अधिक रुपयांना घेतलेल्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीवरही त्यांचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. ज्यांच्या भीतीने कोलकात्याने खंदक खणला, तेच हे रघूजी. त्या तलवारीने अभ्यासकांना एक नमुना दिला आहे. युरोपी पाते, देशी मूठ, देवनागरी लेख, आणि कालखंड शाहूंचाच. साताऱ्याच्या तलवारीवरचा लेख त्या शेजारी ठेवून अक्षराच्या वळणापासून सोन्याच्या कामापर्यंत ताडून पाहायला हवा. लेख पात्याच्या मागाहून कोरला जातो, त्यामुळे तो तलवारीचे वय सांगत नाही, तेव्हाची मालकी सांगतो. ही साधी गोष्ट चर्चेत वारंवार विसरली जाते.

तिसरे मत

तिसरा पक्ष म्हणतो की भवानी आज कुठेच ओळखता येत नाही. रायगड पडला तेव्हा ती लुटीत गेली असेल, किंवा नंतरच्या धामधुमीत पाते आणि मूठ वेगळी झाली असतील. जुन्या तलवारींत मुठी बदलणे नेहमीचे. लंडनच्या तलवारीवरची रत्नजडित मूठ लढाईतल्या हत्याराची आहे की नजराण्यासाठी सजवलेली, ही शंका या पक्षाचीच.

याच मताचा पुढचा टप्पा असा की ‘भवानी’ हे एकाच तलवारीचे नाव नसेलही. महाराज कमरेला जी तलवार लावतील तिच्यात देवी आहे, हा भाव आधी होता आणि नाव त्यातून आले. महाराजांच्या जुन्या चित्रांत शस्त्रे दिसतात, पण चित्रावरून तलवारीचे नाव कळत नाही. या मताला शिवभारताचा आधार मिळतो, म्हणून मला ते ओढून घेते. मात्र त्याच्या विरुद्ध बखरीतली ३०० होनांची नेमकी हकीकत आहे. एवढा तपशील कुणी विनाकारण रचेल का, हा प्रतिपक्षाचा सवालही खरा आहे.

परत आणण्याचा प्रश्न

तलवार कोणती हे ठरण्याआधीच ती परत आणण्याची चर्चा सुरू झाली आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या. २०२२ साली राज्याचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी जगदंबा तलवार आणि वाघनखे यांसाठी ब्रिटनशी बोलणी करण्याचे जाहीर केले. वाघनखांबाबत ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी करार झाला. ती तीन वर्षांच्या मुदतीने आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती महाराजांनीच वापरली हे सिद्ध झालेले नसल्याचे ते संग्रहालय स्वतः सांगते. १९८३ च्या ब्रिटिश कायद्याने त्याच्या विश्वस्तांना वस्तू कायमची देऊन टाकणे जवळपास अशक्य केले आहे, म्हणून मुदतीची उसनवारी.

जगदंबा तलवारीची वाट वेगळी. रॉयल कलेक्शन राजाकडे विश्वस्त या नात्याने असते, त्याला तो कायदा लागू नाही. ब्रिटिश बाजूचे म्हणणे साधारणतः असे की ही लूट नव्हती, भेट होती, आणि त्या दौऱ्यात राजपुत्रानेही परतभेटी दिल्या. भारतीय बाजू विचारते की रेसिडेन्सीच्या देखरेखीखालच्या बारा वर्षांच्या राजाची भेट स्वेच्छेची कशी मानायची? १८४९ साली दहा वर्षांच्या दुलीपसिंगांकडून कोहिनूर गेला, तो दाखला इथे हटकून येतो. दोन्ही प्रसंग एकसारखे नाहीत, कारण तिथे तह होता आणि इथे दरबारी रिवाज. पण संमतीचा प्रश्न दोन्हीकडे तोच राहतो. १९७० चा युनेस्को करार मागे जाऊन लागू होत नाही, त्यामुळे कायद्याने दार उघडणार नाही. जे काही होईल ते दोन सरकारांच्या सौजन्याने.

काय करायचे राहिले आहे

सातारा आणि लंडन या दोन्ही ठिकाणच्या तलवारी अजून एकाच पद्धतीने, एकाच पथकाकडून तपासल्या गेलेल्या नाहीत. आज ते पाते न खरवडता होऊ शकते. क्ष-किरणांनी धातूची घडण आणि जोड दिसतात, मूठ बदललेली असल्यास तिच्या खुणाही सापडू शकतात. युरोपी कारागिरांच्या शिक्क्यांचा अभ्यास आता खूप पुढे गेला आहे. पात्यावरचा लांडगा, मुकुट किंवा ‘आयएचएस’ ही अक्षरे पाहून काळाचा अंदाज बांधता येतो. शिक्क्यांची नक्कलही होत असे, म्हणून नुसत्या शिक्क्यावर विसंबून चालणार नाही. पाते १६५९ च्या, म्हणजे अफजलखानाच्या भेटीच्या, आधीचे की नंतरचे, एवढे जरी ठरले तरी एखादा दावेदार बाद होऊ शकतो.

मोठे काम कागदांचे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात ४५ खंड काढले, तो त्या डोंगराचा एक पदर. कोल्हापूर, सातारा, तंजावर इथल्या मोडी रुमालांत शस्त्रागाराच्या याद्या, दसऱ्याच्या पूजेचे खर्च, म्यान शिवणाऱ्याला आणि सिकलगाराला दिलेले पैसे असतात. धार लावायला दिलेल्या तलवारीच्या नोंदीत तिचे नाव येते, तेही थाटमाट न करता. ‘भवानी’ हा शब्द अशा साध्या हिशेबात, महाराजांच्या हयातीतल्या किंवा लगतच्या वर्षांतल्या, एकदा जरी सापडला, तरी देवीने दिलेली की गोवेलकर सावंतांची, हा वाद पुढच्या पायरीवर जाईल. मोडी वाचणारी तरुण माणसे पुन्हा तयार होऊ लागली आहेत, ही या घडीची सर्वांत चांगली बातमी.

बस आली तेव्हा राजी किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर पोहोचली होती. मी भाचीला सांगितले, लंडनला जी आहे ती जगदंबा असावी, साताऱ्याला जी आहे तिच्यावर शाहू महाराजांचे नाव आहे, आणि भवानीचा कागद अजून सापडायचा आहे. तिने खेळ बंद करून विचारले, “मोडी शिकायला किती दिवस लागतात?”